पंतप्रधानांनी खुर्ची सोडली, पण गाठ कर्करोगाची नव्हती! काय सांगते मॅकमिलन यांची गोष्ट?

साठीनंतर रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावं लागतं. डॉक्टर रक्ताची ‘पीएसए’ चाचणी सांगतात. आकडा वाढलेला दिसला की घरात एकच धास्ती: कर्करोग तर नाही ना? हीच भीती एकदा ब्रिटनच्या पंतप्रधानांना वाटली होती.

कोण होते मॅकमिलन?

हॅरोल्ड मॅकमिलन यांचा जन्म १० फेब्रुवारी १८९४ रोजी लंडनमध्ये झाला. रवींद्रनाथ टागोरांची इंग्रजी पुस्तकं छापणारी मॅकमिलन प्रकाशन संस्था त्यांच्या घरचीच. पहिल्या महायुद्धात ते गंभीर जखमी झाले. जानेवारी १९५७ मध्ये ते पंतप्रधान झाले आणि पुढच्याच वर्षी भारतात आले. पदावर असताना स्वतंत्र भारतात आलेले ते पहिले ब्रिटिश पंतप्रधान.

१९६३ मध्ये काय घडलं?

पुढची निवडणूक आपणच लढवायची, असं त्यांनी ठरवलं होतं. पण ८ ऑक्टोबरला लघवी अडून असह्य वेदना सुरू झाल्या. त्याच रात्री त्यांना रुग्णालयात दाखल केलं. १० तारखेला प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झाली. त्यांच्या मनात कर्करोगाची भीती होती, असं सांगितलं जातं. १८ ऑक्टोबरला त्यांनी राजीनामा दिला. प्रत्यक्षात ती प्रोस्टेटची साधी वाढ निघाली.

तेव्हा रक्ताची चाचणी नव्हती का?

होती. ‘अ‍ॅसिड फॉस्फटेज’ हा घटक १९३८ पासून माहीत होता. पण तो प्रामुख्याने कर्करोग हाडांपर्यंत पसरल्यावर वाढायचा. त्यामुळे तो नॉर्मल आला तरी कर्करोग नाहीच, असं म्हणता येत नसे.

मग ‘पीएसए’ने काय बदललं?

पीएसए हे प्रोस्टेटमध्ये तयार होणारं प्रथिन. १९७९ मध्ये अमेरिकेत डॉ. मिंग चू यांच्या चमूने ते वेगळं केलं. ही चाचणी आजार लवकर हेरू शकते. पण साधी वाढ किंवा जंतुसंसर्ग असला तरीही पीएसए वाढतं.

आकडा ४ ते १० च्या दरम्यान असेल तर ‘फ्री पीएसए’चं प्रमाण पाहतात. ते २५ टक्क्यांहून जास्त असेल तर साध्या वाढीची शक्यता अधिक, १० टक्क्यांहून कमी असेल तर कर्करोगाची शंका वाढते. गरजेनुसार एमआरआय करतात. कर्करोगाचं पक्कं निदान मात्र बायोप्सीनेच होतं.

पुढे मॅकमिलन यांचं काय झालं?

राजीनाम्यानंतर ते तब्बल २३ वर्षं जगले. २९ डिसेंबर १९८६ रोजी ९२ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी अमेरिकेत पीएसए चाचणीला पहिली मान्यता मिळाली, तीही आधीच निदान झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी.

म्हणून वाढलेला आकडा पाहून घाबरू नका आणि रिपोर्ट कपाटातही ठेवू नका. तो घेऊन थेट मूत्ररोगतज्ज्ञांना भेटा. मोठे निर्णय त्यानंतर.