फ्रँकलिनची सळई आणि सॉकेटचं तिसरं भोक



श्रीवर्धनला माझं कॉम्प्युटरचं छोटं ऑफिस आहे. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर धडकलं, विजेचे खांब आडवे झाले, आणि नंतर ऑफिसचं वायरिंग घाईघाईत नव्याने करून घेतलं. त्यानंतर अनवाणी असताना सीपीयूच्या कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या यायच्या. मेन स्विच बंद करून सॉकेट उघडलं, तर वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नव्हती. पिना तीन, पण अर्थिंग नाही! ही चूक किती जुनी आहे आणि एकदा ती कुणाच्या जिवावर बेतली, हे मला बेंजामिन फ्रँकलिनबद्दल वाचताना कळलं. म्हणून आज त्याचीच गोष्ट.

मेणबत्तीवाल्याचा मुलगा

फ्रँकलिनचा जन्म 17 जानेवारी 1706 चा, अमेरिकेतल्या बॉस्टनचा. वडील मेणबत्त्या आणि साबण बनवायचे. सतरा भावंडांत हा पंधरावा. शाळा जेमतेम दोन वर्षं. बाराव्या वर्षी थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारीला लागला. भावाशी पटेना, तेव्हा सतराव्या वर्षी पळून फिलाडेल्फियाला गेला. तिथे त्याने स्वतःचा छापखाना उभा केला, वर्तमानपत्र चालवलं, दरवर्षी पंचांगासारखं एक पुस्तक काढलं. 1748 मध्ये, 42 व्या वर्षी, छापखाना भागीदाराकडे सोपवून तो मोकळा झाला. विजेचा नाद त्याला आधीच लागला होता.

लंडनच्या एका मित्राने काचेची नळी पाठवली होती. ती घासली की ठिणग्या निघत. तेवढ्यावरून सुरुवात करून त्याने विजेचे धन आणि ऋण हे हिशोब मांडले. आज बॅटरीवर आपण जे प्लस-मायनस बघतो, ते त्याचेच. त्याने आणखी एक गोष्ट पाहिली. भारलेल्या धातूच्या गोळ्याजवळ बोथट वस्तू नेली की फाटकन ठिणगी पडते. पण टोकदार सुई जमिनीशी जोडून जवळ धरली, तर भार गुपचूप निघून जातो.

धडा मात्र त्याला अंगावर घेऊनच मिळाला. डिसेंबर 1750 मध्ये वीज साठवलेल्या दोन मोठ्या काचेच्या बरण्यांनी टर्की मारून दाखवायला गेला, आणि सगळा झटका स्वतःच्याच हातांतून गेला. काही क्षण शुद्ध हरपली. विजेला वाट हवी असते, आणि त्या दिवशी ती वाट तो स्वतः झाला होता.

पतंग, आणि त्यानंतरची सळई

10 मे 1752 रोजी पॅरिसजवळ मार्ली गावात फ्रँकलिनने सुचवलेला प्रयोग झाला. उंच लोखंडी सळईतून ढगांची वीज ठिणग्यांच्या रूपात मिळाली. त्याच जूनमध्ये फ्रँकलिनने मुलगा विल्यमला सोबत घेऊन पतंग उडवला. त्या वेळी पुण्यात नानासाहेब पेशवे होते. त्यांचे आजोबा बाळाजी विश्वनाथ भट आमच्या श्रीवर्धनचे. पतंगावर वीज कोसळली असा अनेकांचा समज आहे. तसं झालं असतं तर फ्रँकलिन वाचला नसता. ढगाळ हवेतला भार ओल्या दोरीवरून किल्लीपर्यंत उतरला, इतकंच.

1753 च्या त्याच्या वार्षिक पुस्तकात घर वाचवण्याची कृती छापून आली. लोखंडी सळईचं एक टोक ओल्या जमिनीत तीन-चार फूट खोल, दुसरं टोक छताच्या सर्वात उंच भागाच्या सहा-आठ फूट वर. या शोधाचं त्याने पेटंट घेतलं नाही.

त्याच वर्षी 6 ऑगस्टला सेंट पीटर्सबर्गमध्ये गेओर्ग रिचमान नावाचे प्राध्यापक वादळात विजेचं मोजमाप करत होते. छपरावरच्या सळईची तार घरात आणली होती, पण मोजण्यासाठी ती जमिनीपासून मुद्दाम तोडून ठेवली होती. ठिणगी उडाली ती त्यांच्या कपाळावर, आणि ते जागीच गेले. सळई होती, पण जमिनीपर्यंतची वाट नव्हती. माझ्या सॉकेटमध्ये वेगळं काय होतं?

आपल्या टेबलाखाली काय घडतं?

फ्रँकलिनची सळई आकाशातल्या विजेसाठी, आपलं अर्थिंग घरातल्या विजेसाठी. दोन्हींचं काम वेगळं, पण नियम एकच: वाट अखंड हवी.

कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून कॅबिनेटकडे जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर त्यामुळे कॅबिनेट साधारण 115 व्होल्टवर तरंगतं. करंट अगदी कमी, म्हणून फक्त झिणझिण्या. पण आत फेजची वायर सुटून पत्र्याला टेकली, तर तेच कॅबिनेट 230 व्होल्टचं होतं. अर्थिंगची पिन लांब असते ती यासाठीच: प्लग लावताना ती सर्वात आधी जोडली जावी आणि काढताना सर्वात शेवटी सुटावी.

आता जमीन. फ्रँकलिनने ओली जमीन सांगितली, ते महत्त्वाचं. आमच्याकडचा जांभा पावसात भिजतो, पण मे महिन्यात कोरडा ठणठणीत होतो आणि त्याचा रोध वाढतो. समजा अर्थ पिटचा रोध 20 ओहम झाला. 230 भागिले 20, म्हणजे फार तर साडेअकरा अँपिअर. एवढ्याने 16 अँपिअरचा एमसीबी पडणारच नाही! म्हणून सोबत 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवाच. गेलेला आणि परतलेला करंट जुळला नाही, की तो क्षणात सप्लाय तोडतो.

आणखी एक. काहीजण सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतात. झिणझिण्या थांबतात, पण मागे कुठे न्यूट्रल तुटली की फेज थेट कॅबिनेटवर येते. हे कधीच करू नका.

शेवटी

पुढे फ्रँकलिन राजकारणात शिरला. 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याची सही आहे. पतंगाच्या वेळी सोबत असलेला विल्यम मात्र इंग्रजांच्या बाजूने राहिला, आणि बापलेकांचं नातं पुन्हा नीट जुळलं नाही. घरात गुलाम ठेवलेल्या या माणसाने म्हातारपणी गुलामगिरी बंद करण्यासाठी अर्ज केला. 17 एप्रिल 1790 रोजी, 84 व्या वर्षी, तो गेला.

मी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून नवा अर्थ पिट करून घेतला. हिरवी वायर प्रत्येक सॉकेटपर्यंत नेली आणि आरसीसीबी बसवला. आता उन्हाळ्यात पिटमध्ये पाणी घालतो आणि वर्षातून एकदा रोध मोजून घेतो. खाऱ्या हवेने जोड गंजतात, तेही तपासायला सांगतो. तुमच्या ऑफिसमध्ये पीसीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर त्या सवयीच्या करून घेऊ नका. आजच मेन स्विच बंद करा, इलेक्ट्रिशियन बोलवा, आणि ते तिसरं भोक उघडून बघायला सांगा.