कै. लक्ष्मीबाई टिळक यांची वाङ्मयसाधना

धर्मग्रामाच्या महोत्सवी स्मरणिकेत संतचरित्रे असावीत, देवळाचा पूर्वेतिहास असावा, येथे सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंची नामावली असावी, ही वाचकांची अपेक्षा रास्तच आहे. त्या पंक्तीत लक्ष्मीबाई टिळकांना आम्ही का बसवीत आहोत, असा प्रश्न कोणी करील. बाई आपल्या कॅथलिक मंडळीतील नव्हत्या. अमेरिकन मराठी मिशनच्या परिवारात त्यांचे ख्रिस्ती आयुष्य गेले. परंतु आमच्या धर्मग्रामातील काही तरुण मुलेमुली अलीकडे लेखणी हाती धरू लागली आहेत, आणि आमचे शिक्षण बेताचे, आम्हांस मार्ग दाखविणारे कोणी नाही, मग आमच्या हातून काय व्हावयाचे, असे त्यांचे म्हणणे वारंवार आमच्या कानी येते. ते ऐकले की आम्हांस बाईंची आठवण होते. शाळेची पायरी न चढलेली ही स्त्री मराठी ख्रिस्ती साहित्यिकांच्या संमेलनाच्या अध्यक्षपदी बसली. ती तेथवर कोणाच्या आधाराने पोहोचली, एवढेच आम्ही येथे सांगणार आहोत.

बाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर या गावी गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. वडिलांचे सोवळे इतके कडक होते की सारे घर त्या धाकाखाली वावरत असे. मुलींनी लिहिणेवाचणे शिकण्याची त्या घरात कल्पनाही नव्हती. वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले, आणि येथेच त्यांना पहिला गुरू मिळाला. टिळकांनी नाशिकास गणेशशास्त्री लेल्यांपाशी संस्कृताचे अध्ययन केले होते. कवित्व तर त्यांच्या अंगी उपजतच होते. त्यांनी पत्नीस अक्षरओळख करून दिली.

पण हा गुरू सोपा नव्हता, हे सांगितलेच पाहिजे. टिळक संतापी होते, लहरी होते, हाती आलेला पैसा दुसऱ्यास देऊन मोकळे होणारे होते. कोणास न सांगता घर सोडून जाणे ही त्यांची जुनी खोड. बिऱ्हाड आज या गावी, तर उद्या त्या गावी. अशा संसारात धडा नेमाने कोठून चालणार? मोठ्या माणसांची चरित्रे लिहिताना त्यांचे दोष झाकण्याची आपल्याकडे चाल आहे. बाईंनी स्वतः ती पाळली नाही. पतीचे दोषही त्यांनी हसतखेळत जगासमोर मांडले, आणि तरीही त्यांच्या लेखनातून टिळक लहान झालेले दिसत नाहीत.

१८९३ साली टिळक नागपुराहून राजनांदगावास आगगाडीने जात असताना एका युरोपीय गृहस्थाशी त्यांचे संभाषण झाले. त्या गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. बाईंवर आकाश कोसळले. लहानग्या दत्तूस घेऊन त्या नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. त्यांतला बराच काळ पंढरपुरास गेला. हा वियोग चारपाच वर्षांचा होता. विधवा नव्हे आणि सवाष्णही नव्हे, अशी ती स्थिती. आम्हांस असे वाटते की, बाईंच्या लेखणीस खरे बळ या काळातच आले. पद्ये जुळविण्याचा नाद त्यांना लागला होता. मनातले दुःख ऐकावयास जवळ कोणी नसले म्हणजे माणूस कागदाशी बोलू लागते.

पुढे पतिपत्नी एकत्र आली, ती अहमदनगरास. परंतु बाईंनी धर्म बदलला नव्हता. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनी याबाबत त्यांच्यावर बळजबरी केली नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा विचार बाईंनी स्वतःच्या बुद्धीने केला, आणि एकदा उत्तर सापडल्यावर मागे पाहिले नाही. १९०० साली राहुरीस त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्या बाईने सोवळ्याच्या घरात जन्म काढला, तिने पुढे कोणाच्याही मुलास पोटाशी धरावयास मागेपुढे पाहिले नाही. संतापी टिळक या एका बाबतीत इतका धीर धरतात, हे आम्हांस त्यांच्या सर्व कवितांहून मोठे वाटते.

आता संमेलनांविषयी. १९०७ साली जळगावास कवींचे संमेलन भरले. ‘काव्यरत्नावली’ मासिकाचे संपादक नारायण नरसिंह फडणीस हे त्याच गावचे. अध्यक्षस्थानी डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर होते. सतराएक वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या पोराने तेथे आपली कविता म्हणून दाखविली आणि सभा थक्क झाली. बालकवी ही पदवी त्यास तेथेच मिळाली. त्या सभेस टिळकही होते. टाळ्या वाजविणारे पुष्कळ असतात. टिळकांनी त्या पोरास आपल्या घरी नगरास नेले. तो हिंदू, हे ख्रिस्ती, आणि काळ १९०७ चा! ठोमऱ्यांचे रुसवेफुगवे, जेवणखाण, दुखणीखुपणी ही सारी लक्ष्मीबाईंच्या पदरी आली. त्यांनी त्यास पोटच्या मुलाप्रमाणे सांभाळले.

आम्ही येथे थोडे थांबतो, कारण संमेलन म्हणजे काय याची पुष्कळांना नीट कल्पना नसते. मंडप, भाषणे, ठराव आणि भोजन एवढ्यानेच संमेलन संपले, तर चार दिवसांनी त्याची आठवणही उरत नाही. जळगावचे संमेलन टिळकांच्या ओसरीवर पुढे चालू राहिले. त्या ओसरीवर कविता वाचल्या जात, दुरुस्त होत, फाडल्याही जात. बाई चुलीपाशी असोत की पाहुण्यांच्या सरबराईत, त्यांचे कान तिकडे असणारच. ज्यांना कोणी पाठशाळेत घातले नाही, त्यांना ही पाठशाळा घरातच लाभली. १९१२ पासून टिळक ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक झाले, तेव्हा छापावयाच्या लेखांचे काय होते, हेही बाईंस जवळून पाहावयास मिळाले.

१९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हे भ्रातृमंडळ उभारले. मे १९१८ मध्ये बालकवी आगगाडीखाली सापडून गेले. ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात टिळक निवर्तले. एका वर्षाच्या अंतराने घरातले दोन कवी गेले, आणि बाईंच्या हाती राहिले ते एक अपुरे काव्य.

ते काव्य म्हणजे ‘ख्रिस्तायन’. प्रभू येशूचे चरित्र ओवीबद्ध करण्याचा टिळकांचा संकल्प होता. दहाअकरा अध्याय झाले आणि लेखणी थांबली. येथे आपल्या मंडळीतील वाचकांस फादर स्टीफन्सची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. सासष्टीत राहून मराठी शिकलेल्या त्या इंग्रज येशूसंघीयाचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, तेही ओव्यांतच. स्टीफन्स १६१९ साली वारले, म्हणजे टिळकांच्या बरोबर तीनशे वर्षे आधी. रोमी लिपीतले ते पुराण १९०७ साली मंगळुरास पुन्हा छापून निघाले. जळगावचे संमेलन भरले ते याच वर्षी. परक्या मुलुखातून आलेल्या धर्मगुरूने जी वाट पाडली, तीवरून तीनशे वर्षांनी गोदाकाठची एक बाई निघाली होती.

गुरू गेल्यावर गुरूचे काम पुरे करावयाचे, आणि गुरू तर पट्टीचा कवी! शैली जुळावयाची कशी? बाईंनी टिळकांची नक्कल करण्याचे मनातच आणले नाही. आपल्याला येते त्या साध्या, घरगुती मराठीत त्यांनी ओवी पुढे चालविली आणि साठांहून अधिक अध्याय रचले. गुरूने आरंभिले त्याच्या कितीतरी पटींनी शिष्येने लिहिले! संपूर्ण ग्रंथ १९३८ साली, त्यांच्या पश्चात, प्रसिद्ध झाला. काव्यगुणांत पहिले अध्याय सरस, हे रसिकांचे मत आम्हांस मान्य आहे. पण पुढचे अध्याय नसते, तर त्या दहाअकरा अध्यायांस ग्रंथ कोणी म्हटले असते?

बाईंचे नाव मात्र खरे अजरामर झाले ते गद्याने, आणि तेही ध्यानीमनी नसताना. पुत्र देवदत्त यांस वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यासाठी आईने जुन्या आठवणी कागदावर उतरवून द्याव्यात, एवढीच त्यांची विनंती. बाई लिहू लागल्या त्या बोलतात तशा. देवदत्तांनी हे ओळखले की या आठवणी चरित्राचे साहित्य नव्हेत, त्या स्वतंत्र वाङ्मय आहेत. अशा रीतीने बाईंचा दुसरा मार्गदर्शक त्यांचा मुलगाच ठरला. पतीने अक्षरे शिकविली. मुलाने आईच्या भाषेस हात न लावता ती तशीच जगापुढे ठेविली. शिकविणाऱ्याने कोठे हात आवरावा, हे कळणे दुर्मिळ असते. ‘संजीवनी’ नियतकालिकातून त्या आठवणी क्रमशः येऊ लागल्या, आणि १९३४ साली ‘स्मृतिचित्रे’ या नावाने पहिला भाग पुस्तकरूपाने निघाला. तेव्हा बाई सहासष्ट वर्षांच्या होत्या.

त्याआधी, १९३३ साली, नागपुरास मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलन भरले. ही संमेलने १९२७ साली नाशिकास सुरू झाली होती. नागपूरच्या संमेलनाचे अध्यक्षपद बाईंना मिळाले. याच नागपुरात एके काळी तरुण टिळकांचे बिऱ्हाड होते, येथूनच निघालेल्या आगगाडीने त्यांच्या संसाराची दिशा पालटली होती. जिच्या नावाने नातलगांनी अश्रू गाळले, ती बाई त्याच शहरात ख्रिस्ती लेखकांच्या अग्रस्थानी बसली. त्या प्रसंगी बाईंच्या मनात काय आले असेल, याची कल्पना करावयास आम्हांस आवडते.

त्या परंपरेचा धागा आपल्या मंडळीपर्यंत येऊन पोहोचला आहे. वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ‘स्मृतिचित्रे’ही अद्याप वाचली जातात, २०१७ साली शांता गोखले यांनी केलेले त्यांचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले.

टिळकांच्या पश्चात बाई काही वर्षे मुलाबरोबर कराचीस राहिल्या, आणि अखेरीस नाशिकास परतल्या. पहिल्या भागाचे कौतुक त्यांना पाहावयास मिळाले. पुढील भागांचे लेखन चालूच होते. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे नाशिकास देहावसान झाले, तेव्हा आठवणी पुऱ्या झालेल्या नव्हत्या. चौथा भाग त्याच वर्षी, त्यांच्यामागे निघाला.