चिमूरनंतरचे तुकडोजी

तत्त्वज्ञाने समाजात कसे वागावे, हा प्रश्न वर्गात निघाला की आपण थेट अथेन्सला जातो. चंद्रपूरहून चिमूर जवळ आहे, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून मी तुकडोजी महाराजांविषयी लिहितो आहे.

माणिक बंडोजी हे त्यांचे मूळ नाव. ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे गरीब घरात जन्म. शाळा लवकरच सुटली. वरखेडचे आडकोजी महाराज हे गुरू. पुढे घर सोडून हा मुलगा आपल्याकडच्या रामदिघी, गोंदोडा येथील अरण्यात राहिला. इथवरची कथा कोणत्याही साधूची असू शकते. पण ते अरण्यात बसून राहिले नाहीत. खंजिरी घेऊन गावोगाव हिंडले.

१९४२ च्या पावसाळ्यात त्यांच्या भजनांनी हा भाग पेटला होता. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूरला गोळीबार झाला. बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा पडला. खवळलेल्या जमावाने सरकारी अधिकाऱ्यांना ठार केले. मग लष्कर आले. स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळींना ६३ दिवस उपोषण करावे लागले. महाराजांना २८ ऑगस्टला चंद्रपुरात अटक झाली. डिसेंबरपर्यंत ते नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत होते.

ज्याच्या शब्दाने माणसे उठतात, त्याची जबाबदारी शब्द उच्चारून संपते काय? त्यांनी कोणाच्या हाती शस्त्र दिले नव्हते, हे खरे. पण त्यांच्या भजनांत आग होती, हेही खरे. आपली भाविक मंडळी पहिले सांगतात आणि दुसऱ्यापाशी घुटमळतात. माझ्या मते महाराजांचे मोठेपण त्यांनी पुढे काय केले यात आहे. माणसे पेटवणे त्यांना साधले होते. तीच माणसे उभी करण्याचे कष्टाचे काम त्यांनी उरलेले आयुष्यभर केले. १९४३ मध्ये श्रीगुरुदेव सेवामंडळ स्थापन झाले. १९५५ मध्ये ते जपानच्या विश्वधर्म परिषदेला जाऊन आले खरे, पण मला अधिक महत्त्वाची वाटते ती ‘ग्रामगीता’. तिच्या ४१ अध्यायांत मोक्षाइतकीच आस्था संडासाविषयी, श्रमाविषयी, गावच्या आरोग्याविषयी आहे.

यात ज्ञानमीमांसा कुठे आहे, असे आमचे एक प्राध्यापक विचारतात. नसेल. मी वाद घालत नाही.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीच्या गुरुकुंजात त्यांचे देहावसान झाले. माझ्या आजीने लहानपणी त्यांना पाहिले होते. भजन कोणते झाले ते तिला आठवत नाही. ते येणार म्हणून आदल्या दिवशी साऱ्या गावाने रस्ता झाडला होता, एवढे मात्र ती अजून सांगते.