कै. न्यायमूर्ती केशवराव कोरटकर

मलकपेठेतील जुन्या मराठी घरांतून विवेकवर्धिनीत जावयाचे म्हणजे चादरघाटावरून मुसी ओलांडून जांबागेचा रस्ता धरावयाचा. कित्येक घरांतील तीन-तीन पिढ्या त्या एकाच शाळेत शिकल्या. शाळेचे नाव अजूनही घरोघर निघते. ती ज्यांनी उभी केली त्यांचे नाव मात्र आता वयोवृद्धांच्याच तोंडी उरले आहे. त्यांत पहिले नाव केशवराव कोरटकरांचे. वामनराव नाईक आदी त्यांचे सहकारीही तितक्याच आदरास पात्र आहेत. परंतु हैदराबादेत मराठी माणसांची जी एक कर्ती पिढी तयार झाली तिचे वडीलपण केशवरावांकडे होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

केशवरावांचा जन्म १८६७ सालचा. वसमत तालुक्यातील पुरजळ हे त्यांचे जन्मगाव. त्या काळी ते परभणी जिल्ह्यात होते, आज हिंगोलीत आहे. घरची स्थिती बेताची. गावात मिळेल तेवढे शिक्षण घेऊन ते गुलबर्ग्यास आले. त्या काळच्या मोगलाईत विद्या मिळवणे किती अवघड होते, याची कल्पना आजच्या वाचकास सहजासहजी येणार नाही. घरात मराठी, सरकारदरबारी आधी फारसी आणि १८८४च्या सुमारास तिच्या जागी उर्दू, आणि बाहेरच्या जगाचे वारे यावयाचे ते इंग्रजीतून. केशवरावांनी या साऱ्या भाषा आपल्याशा केल्या, वकिलीची परीक्षा दिली आणि गुलबर्ग्यास वकिली सुरू केली. १८९६ साली ते हैदराबादेस आले व हायकोर्टात त्यांचा जम बसला. पुढे त्याच हायकोर्टाचे ते न्यायाधीश झाले. पुरजळच्या मुलाने संस्थानच्या वरिष्ठ न्यायासनापर्यंत पोहोचावे, ही गोष्ट त्या दिवसांत लहान नव्हती.

परंतु त्यांचे मोठेपण त्या खुर्चीवर मोजू नये. ते हैदराबादेस आले तेव्हा येथील सार्वजनिक जीवन नुकतेच कोठे अंकुरत होते. चांदा रेल्वेच्या प्रकरणात आवाज उठवल्याबद्दल डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय यांना १८८३ साली शहराबाहेर काढण्यात आले होते. मुल्ला अब्दुल कय्यूम यांच्यासारखा मोठ्या मनाचा माणूस त्याच चळवळीत होता. उघड राजकारण केले तर काय होते, हे या उदाहरणाने सर्वांस ठाऊक झाले होते. केशवरावांनी यावरून आपला मार्ग ठरवला असावा. त्यांनी शाळा धरली, वाचन धरले, समाजसुधारणा धरली, आणि माणसे धरली. सुलतान बाजारच्या आर्य समाजाचे ते अनेक वर्षे अध्यक्ष होते.

१९०७ हे साल त्यांच्या आयुष्यात विशेष होय. त्या एकाच वर्षी हैदराबादेत विवेकवर्धिनी व गुलबर्ग्यास नूतन विद्यालय निघाले. गुलबर्ग्याचे काम विठ्ठलराव देऊळगावकरांनी अंगावर घेतले; केशवरावांचे साह्य त्यांना होते. विवेकवर्धिनीच्या आरंभीच्या मंडळींत पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकरही होते. सातवळेकर हे केशवरावांच्याच वयाचे, दोघांचाही जन्म १८६७चा. त्या वेळी ते चित्रकार म्हणून हैदराबादेत राहत होते. त्यांच्या वेदविषयक लिखाणावर इंग्रज सरकारची वक्रदृष्टी झाली आणि त्यांना हे शहर सोडावे लागले. त्यातच २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला. हजारो माणसे गेली, नदीकाठची वस्ती धुऊन निघाली. एक वर्षाची कोवळी शाळा अशा दिवसांत टिकली, याचे श्रेय तिच्या चालकांच्या चिकाटीस दिले पाहिजे.

घरातही केशवरावांचा बाणा तोच होता. थोरला मुलगा विनायक. वडिलांची वकिली चाललेली, घरात अनुकूलता आलेली. मुलाला इंग्रजी शाळेत घालून पुढे सरकारी चाकरी किंवा आपलीच वकिली त्याच्या हाती देणे कोणालाही सोपे होते. केशवरावांनी त्याला लहान वयातच हरिद्वारजवळच्या कांगडी गुरुकुलात पाठवले. मुन्शीराम, म्हणजे पुढचे स्वामी श्रद्धानंद, यांनी १९०२ साली ते तेथे उभारले होते. तेथला नियम कडक. शिक्षण पुरे होईपर्यंत मुलाने घरी यावयाचे नाही. हैदराबादेहून हरिद्वार ते किती दूर! बापाने तत्त्वासाठी मन घट्ट केले असेल. त्या घरातील माउलीने ती वर्षे कशी काढली असतील, याचा हिशेब चरित्रांतून कोणी मांडत नाही. मुलगा विद्यालंकार ही पदवी घेऊन परत आला, नंतर विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाला, आणि आयुष्यभर विनायकराव विद्यालंकार याच नावाने ओळखला गेला. १९३८-३९च्या आर्य सत्याग्रहाचे आठवे सर्वाधिकारी म्हणून त्यांचीच निवड झाली होती.

बाहेरच्या तरुणांनाही केशवरावांचा असाच आधार वाटे. १९२० साली लक्ष्मणराव फाटकांनी 'निजाम विजय' हे मराठी साप्ताहिक काढले, त्यामागे केशवरावांचे बळ होते. संस्थानात मराठी पत्र चालवणे म्हणजे विस्तवाशी खेळ. लिहिणारा तरुण असला तरी पाठीशी एखादा वजनदार वडीलधारा असावा लागे. ते वजन केशवरावांनी इतरांच्या उपयोगी पाडले. पुढे राजकीय सभांवर बंदी आली, तेव्हा हैदराबादच्या प्रजेच्या राजकीय परिषदा संस्थानाबाहेर, १९२३ साली काकिनाड्यास, नंतर मुंबईस व पुण्यास भरवाव्या लागल्या. स्वगृही बोलता येत नाही म्हणून शेजाऱ्याच्या ओसरीवर बोलावयाचे, असा तो प्रकार होता.

येथे एक प्रसंग सांगितला पाहिजे. आपल्या घरांतून तो सहसा सांगितला जात नाही. नोव्हेंबर १९२१ मध्ये विवेकवर्धिनीत संस्थानची सामाजिक परिषद भरली होती. अध्यक्ष महर्षी कर्वे. भाषणे उर्दूत, मराठीत, इंग्रजीत झाली. मग आलमपल्ली वेंकटरामराव हे वकील तेलुगूत बोलावयास उभे राहिले, आणि सभेतल्या मंडळींनी त्यांची टर उडवून त्यांना बोलू दिले नाही. ज्या शहरात पिढ्यानपिढ्या आपण राहिलो त्याच शहराच्या भाषेची ही अवहेलना, आणि तीही विवेक वाढवण्यासाठी काढलेल्या शाळेच्या आवारात! दुखावलेली तेलुगू मंडळी त्याच रात्री टेकुमाळ रंगराव यांच्या घरी जमली आणि आंध्र जनसंघ स्थापन झाला. माडपाटी हनुमंतराव, बूर्गुल रामकृष्णराव ही त्यांतलीच. ज्या संस्थेसाठी केशवरावांनी इतका जीव लावला तिच्या इतिहासातला हा डाग आहे आणि तो झाकून ठेवू नये. मात्र मराठी मंडळींनी स्वभाषेसाठी शाळा काढल्या, वाचनालये काढली, तो धडा तेलुगू मंडळींनी उत्तम गिरवला, हेही तितकेच खरे.

१९३२ साली केशवराव वारले. संस्थानात मोकळा श्वास घेण्याचे दिवस अजून सोळा वर्षे दूर होते. १९४० साली नारायणगुड्यात त्यांच्या स्मरणार्थ केशव मेमोरियल शाळा सुरू झाली. ती विनायकरावांनी उभी केली. १९५२ साली निवडून आलेले पहिले मंत्रिमंडळ बनले तेव्हा मुख्यमंत्री झाले तेच बूर्गुल रामकृष्णराव, आणि त्यांच्या मंत्रिमंडळात विनायकराव विद्यालंकार मंत्री होते. एकवीसच्या त्या रात्री हे कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी संस्थानाचे तीन तुकडे झाले. पुरजळ मुंबई राज्यात गेले, गुलबर्गे म्हैसूरला मिळाले, हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झाले. केशवराव जन्मले ते गाव, त्यांनी वकिली सुरू केली ते शहर आणि जेथे ते नावारूपास आले ते शहर अशी तीन राज्यांत वाटली गेली. गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय आज कर्नाटकात आहे आणि जांबागेतील विवेकवर्धिनी तेलंगणात.