खलाशांनी शिकवलेली भाषा

जोसेफ कॉनरॅड हे इंग्रजी भाषेतील थोर कादंबरीकार होत. परंतु इंग्रजी ही त्यांची मातृभाषा नव्हती. वयाच्या विसाव्या वर्षी त्यांना इंग्रजीचे मोजकेच शब्द येत होते.

कॉनरॅड यांचा जन्म ३ डिसेंबर १८५७ रोजी बर्दिचिव्ह या गावी एका पोलिश कुटुंबात झाला. हे गाव आज युक्रेनमध्ये आहे. त्या वेळी तेथे रशियाच्या झारची सत्ता होती. वडील लेखक होते. स्वातंत्र्याच्या चळवळीत भाग घेतल्यामुळे १८६२ मध्ये त्यांना कुटुंबासह हद्दपार करण्यात आले. या हालअपेष्टांत आईची प्रकृती ढासळली. कॉनरॅड ७ वर्षांचे असताना आई वारली आणि ११ वर्षांचे असताना वडीलही गेले. पुढे मामांनी त्यांचा सांभाळ केला.

कॉनरॅड यांना समुद्राची ओढ होती. १८७४ मध्ये ते फ्रान्सला गेले व जहाजावर काम करू लागले. फ्रेंच त्यांना येत होतीच. १८७८ मध्ये ते इंग्लंडच्या लोस्टॉफ्ट बंदरात उतरले आणि कोळसा वाहणाऱ्या एका लहान शिडाच्या जहाजावर खलाशी झाले. तेथे ना शाळा होती, ना शिक्षक. सोबतचे खलाशी हेच त्यांचे गुरू बनले. दोर ओढताना दोराचे नाव कळे, शीड उभारताना शिडाचे. हुकूम, थट्टा, शिवी, सलाम हे सारे कानांवर पडे. कामात मुरलेल्या माणसाला सगळे दोर माहीत असतात, असा एक वाक्प्रचार इंग्रजीत आहे. कॉनरॅड यांनी दोर आणि शब्द दोन्ही एकदमच ओळखले.

जहाजावर अधिकारी व्हायचे, तर इंग्रजीतून परीक्षा द्यावी लागे. १८८० मध्ये ते पहिली परीक्षा उत्तीर्ण झाले. १८८४ मध्ये ते मुंबईहून निघालेल्या एका जहाजावर अधिकारी होते. पुढच्या दोन्ही परीक्षांत मात्र ते पहिल्या खेपेस नापास झाले. तरी त्यांनी धीर सोडला नाही. १८८६ मध्ये त्यांनी कप्तानाची परीक्षाही जिंकली.

१८९५ मध्ये त्यांची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. १९०० मध्ये त्यांची ‘लॉर्ड जिम’ ही गाजलेली कादंबरी पुस्तकरूपाने आली. जहाज बुडणार असे वाटून मक्केला निघालेल्या शेकडो यात्रेकरूंना त्यावर सोडून पळणाऱ्या अधिकाऱ्यांची ती कथा आहे.

कॉनरॅड यांचे इंग्रजी उच्चार शेवटपर्यंत परकेच राहिले. ऐकणाऱ्यांना ते समजायला जड जात. पण म्हणून त्यांनी बोलणे थांबवले नाही आणि लिहिणेही सोडले नाही. ३ ऑगस्ट १९२४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची पुस्तके आजही जगभर वाचली जातात.

विद्यार्थ्यांनो, नवी भाषा बोलताना चुका होतात, कधी कोणी हसतेही. मात्र जो त्या भीतीने गप्प बसतो, त्याला भाषा कधीच येत नाही.