कृष्णस्वामी वेंकटरमण

कृष्णस्वामी वेंकटरमण (७ जून १९०१ – १९८१) हे भारतीय सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञ होते. कृत्रिम रंग आणि वनस्पतींतील फिनॉलिक संयुगे हे त्यांच्या संशोधनाचे प्रमुख विषय होत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे ते पहिले भारतीय संचालक होते.

जीवन

त्यांचा जन्म मद्रास येथे झाला. मँचेस्टर येथे रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन केले. लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन महाविद्यालयात अध्यापन केल्यानंतर १९३४ मध्ये ते मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात आले व १९३८ मध्ये त्याचे प्रमुख झाले. १९५७ ते १९६६ या काळात ते पुण्यात संचालक होते.

संशोधन

फ्लॅव्होन हा वनस्पतींतील फिनॉलिक संयुगांचा एक वर्ग आहे. फ्लॅव्होन प्रयोगशाळेत तयार करण्यासाठी उपयुक्त असलेली अभिक्रिया वेंकटरमण आणि इंग्लंडमधील विल्सन बेकर यांनी स्वतंत्रपणे शोधली. ती बेकर–वेंकटरमण पुनर्रचना या नावाने ओळखली जाते.

पुण्यात त्यांच्या गटाने फणसाचे लाकूड व पांढऱ्या तुतीची साल यांच्या अर्कांचा अभ्यास केला. परभणी जिल्ह्यासह मराठवाड्यात रेशीम अळ्यांच्या खाद्यासाठी तुतीची लागवड होते. तुतीच्या सालीतून मलबेरिन व त्याच्याशी संबंधित तीन फ्लॅव्होन मिळाल्याचे या गटाने १९६८ मध्ये प्रसिद्ध केले. अशा संयुगांतील फरक कधी केवळ एका वलयाचा असतो. त्यामुळे प्रत्येक घटक शुद्ध स्वरूपात वेगळा करून वर्णपटांच्या आधारे त्याची संरचना ठरवावी लागते.

सन्मान

भारत सरकारने त्यांना १९६१ मध्ये पद्मभूषण देऊन गौरविले.