एक्सप्लेनर : ब्रिटिशांना तीन महिने चकवणारा रेडिओ; कोण होत्या उषा मेहता?

हॅम रेडिओवाले ‘फॉक्स हंट’ स्पर्धा घेतात. लपवलेला व्हीएचएफ ट्रान्समीटर अँटेना फिरवत शोधायचा. १९४२ मध्ये मुंबई पोलीसही असाच एक ट्रान्समीटर शोधत होते. तो चालवणाऱ्यांत होत्या २२ वर्षांच्या उषा मेहता.

सुरुवात कशी झाली?
जन्म २५ मार्च १९२०, सुरतजवळच्या सरस गावात. वडील ब्रिटिश राजवटीत न्यायाधीश. ‘भारत छोडो’ची हाक आली, नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर बंधने आली. उषाबेन यांनी शिक्षण सोडले आणि सहकाऱ्यांसह ऑगस्टमध्ये ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू केला.

तंत्र काय होते?
तरंगलांबी ४२.३४ मीटर, म्हणजे सुमारे ७.१ मेगाहर्ट्झ. आजही हॅम याच ‘४० मीटर बँड’वर बोलतात. व्हीएचएफ साधारण नजरेच्या टप्प्यापर्यंत पोहोचते. शॉर्टवेव्ह आयनोस्फिअरवरून परतून दूर जाते. चिमूर-आष्टीतील अत्याचारांची बातमीही या रेडिओने दिली. मात्र प्रक्षेपण सुरू झाले की त्याची दिशाही शोधता येते. म्हणून जागा सतत बदलावी लागे.

पकडल्या कशा गेल्या?
एका तंत्रज्ञाने फितुरी केली. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी प्रक्षेपण सुरू असतानाच छापा पडला. अनेक महिने चौकशी झाली, पण त्यांनी तोंड उघडले नाही. चार वर्षांची शिक्षा झाली.

पुढे काय झाले?
१९४६ मध्ये सुटका झाली. अर्धवट राहिलेले शिक्षण त्यांनी पूर्ण केले आणि मुंबईत राज्यशास्त्र शिकवले. १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळाले. ११ ऑगस्ट २००० रोजी त्यांचे निधन झाले.